अकराच्या आधीची हजेरी

मी सकाळी अकरापर्यंत बोलत नाही आणि आमच्या सरांचा तास दहाला सुरू होतो. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, याचा विचार मी प्रवेश घेण्याआधी करायला हवा होता. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईला विद्यापीठानं एम.ए.ला घेतलं, तेही तत्त्वज्ञानाला, या आनंदात वेळापत्रकाकडे बघायचं भान कोणाला राहतं?

मौनाचं सांगते. बावीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर होते. "नमस्कार, बोला" आणि "थांबा हं, जोडून देते" ही दोन वाक्यं दिवसाकाठी पाचशेदा. त्यासाठी मी एक आवाज तयार केला होता. मधात बुडवून काढलेला, न थकणारा, समोरच्याचं माणूस गेलं असलं तरी न हलणारा. लोक त्या आवाजाचं कौतुक करत. घरी आल्यावर मला "मीठ द्या" म्हणायलाही जीव उरत नसे. पुढे बोर्ड काढला, तिथं यंत्र बसवलं, आणि मला फुलांचा गुच्छ देऊन वेळेआधीच निवृत्त केलं. त्या रात्री देवासमोर दिवा लावून मी दोन नेम धरले. एक, रोज सकाळी अकरापर्यंत मौन. दुसरा, खोटं बोलायचं नाही. दुसरा मला पहिल्यापेक्षा सोपा वाटला होता.

वर्गात आम्ही नऊ जणी. आठ मुली माझ्या लेकीच्या वयाच्या, नववी मी. सरांना लांबचं दिसत नाही आणि जवळचं ते बघत नाहीत. ते हजेरीपटात डोकं घालून नंबर पुकारतात, आवाज आला की टिंब देतात. पहिल्या दिवशी मी वहीच्या कागदावर 'माझं सकाळचं मौन असतं, मी हात वर करीन' असं सुवाच्य अक्षरात लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी त्या कागदानं चष्मा पुसला.

"आठ."

"हजर."

"नऊ."

मी हात वर केला. आणि माझ्या मागून कोणीतरी गोड आवाजात म्हणालं, "हजर, सर."

सरांनी टिंब दिलं.

मला वाटलं, कोणी गुणी मुलीनं म्हाताऱ्या बाईची अडचण ओळखून हजेरी दिली. हल्लीच्या मुलींना उगाच नावं ठेवतात. अकरा वाजले, तशी मी वळून म्हटलं, "आभारी आहे गं, कोण होतं?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. चष्मेवाली म्हणाली, "मावशी, तुम्हीच तर बोललात."

"मी कशी बोलेन? माझं मौन असतं."

"मग तुमच्या मागं कोण आहे?"

माझ्या मागं शेवटचा बाक होता. रिकामा. मी जाऊन पाहिलं. बाकावर सुट्टीभराची धूळ होती, एकसारखी, साईसारखी. मी बोटानं रेघ ओढली. तेवढी एक माझी रेघ त्या धुळीत उमटली, बाकी कुठं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आधीच कान देऊन बसले. "नऊ," सर म्हणाले, आणि माझ्या उजव्या खांद्याच्या मागून, वीतभर अंतरावरून, तोच आवाज आला. तेव्हा मी तो ओळखला. स्वतःचा आवाज माणसाला सहसा ओळखू येत नाही म्हणतात, पण हा मी बावीस वर्षं कानाला लावून ऐकला होता. तो माझा बोर्डावरचा आवाज होता. मानेवरचे केस उभे राहिले. ओरडावं म्हटलं तर घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

माणूस कशालाही सरावतो. पंधरा दिवसांत मला त्या 'हजर'ची सवय झाली. जपाला बसल्यावर मनातल्या मनात मी त्या आवाजासाठीही एक माळ ओढत असे. कोणाचं का असेना, कल्याण होवो. पण एक दिवस सरांनी 'अभाव' शिकवायला घेतला. समोरच्या टेबलावर पुस्तक नाही, हे 'नसणं' आपल्याला कसं कळतं, असा प्रश्न. मला उत्तर येत होतं. आदल्या दिवशी तीनदा वाचलं होतं. मी अकरा वाजायची वाट बघत होते.

"सर," मागून आवाज आला, "जी गोष्ट तिथं असायला हवी होती असं आपल्याला ठाऊक असतं, तिचंच नसणं कळतं. बाकीच्यांचं नसणं कोणाच्या ध्यानात येतं?"

सरांनी पहिल्यांदा हजेरीपटातून डोकं वर काढलं. "वा! नऊ नंबर, वा! वर्षानुवर्षं इतकं नेमकं उत्तर मिळालं नव्हतं."

आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही. राग आला. मी रात्र रात्र डोळे फोडून वाचायचं, आणि वाहवा हिनं न्यायची! शिवाय उत्तर माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं. त्यानंतर ती रोज बोलू लागली. सरांशी वाद घालायची. एकदा तर वाद रंगात आला असताना सवयीनं "थांबा हं सर, जोडून देते" म्हणाली आणि सरांना तो विनोद फार आवडला. अकरानंतर मी काही विचारलं की मात्र सर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "कोण बोललं? जरा मोठ्यानं." माझा खरा आवाज आहेच तसा, भांड्याच्या तळाला लागलेल्या दुधासारखा.

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कानावर घातलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "अगं, कोणी आपलं काम परस्पर करतंय तर करू द्यावं. मला धुण्याला अशी कोणी मिळाली तर ती जिवंत आहे का, हेसुद्धा मी विचारायची नाही."

समोरच्या घरातले वकील मात्र गंभीर झाले. "वहिनी, आवाजाची मालकी कोणाची, हा मूळ मुद्दा आहे. तो तुम्ही नोकरीत असताना घडवला. म्हणजे इस्पितळाचा. तुम्ही तिथं चौकशी करा."

मी खुळ्यासारखी गेले. तिथल्या आस्थापना विभागातल्या बाईनं माझी फाइल काढली आणि निवृत्तीच्या दिवशी परत केलेल्या वस्तूंची यादी वाचली. "कपाटाची किल्ली, ओळखपत्र, हेडफोन, खुर्चीची गादी. आवाज यादीत नाही."

"म्हणजे मी तो इथं ठेवला नाही?"

"ठेवला असता तर पावती दिली असती. तुम्हीच नेला असेल."

"मी नेलेला नाही हो."

"मग बाई, तो दोन्हीकडे नाही," असं म्हणून तिनं फाइल मिटली. हे वाक्य ती सहज बोलून गेली, पण मला ते घरी येईपर्यंत पुरलं.

मग ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण दुसरा हलू नये म्हणून डॉक्टरांनी दोन्हींवर पट्टी बांधली. आठ दिवस. मी आठही दिवस घरी राहिले. चहा हातात द्यायचा, औषध घालायचं, बाथरूमपर्यंत हात धरून न्यायचं, सगळं सकाळच्या वेळी मौनातच. नवव्या दिवशी विद्यापीठात गेले तर चष्मेवाली धावत आली. "मावशी, तुम्ही गेल्या आठवड्यात काय बोलत होतात! सर खूश झालेत."

"मी नव्हतेच गं."

"दिसत नव्हतात खऱ्या," ती म्हणाली. "पण होतात."

हजेरीपट पाहिला. आठही दिवस नऊ नंबरसमोर टिंब.

इथं माझा दुसरा नेम आडवा आला. रोज मागून कोणी बोलतं, ते मी एकवेळ पोटात घातलं होतं, कारण निदान मी बाकावर असायचे. पण जिथं मी नव्हते, तिथं मी होते असं लिहिलेलं चालू देणं म्हणजे खोटंच. त्या हजेरीवर परीक्षेला बसायचं, त्या परीक्षेवर पदवी घ्यायची आणि ती पदवी देवासमोर ठेवायची? माझ्याच्यानं झालं नसतं. मला ती पदवी हवी होती. बावीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडताना हवी होती. म्हणूनच ती माझी असायला हवी होती.

मी ऑफिसच्या खिडकीशी गेले. हजेरीचं काम बघणारे भाऊसाहेब शिक्क्यांना शाई पाजत होते.

"हजेरीचा अर्ज द्या हो."

"वाढवायचा ना? आजारपण, लग्न की मयत?"

"कमी करायचा."

भाऊसाहेबांनी शिक्का खाली ठेवला. "बाई, एकोणीस वर्षं मी या खिडकीत बसतोय. इथं माणसं हजेरीसाठी रडली आहेत. एकानं एकाच आजीच्या मृत्यूचे तीन दाखले दिलेत. कमी करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. तब्येत बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. भुतंखेतं ऐकून कारकून घाबरत नाही; त्याला फक्त नियम कोणता लावायचा, हा प्रश्न पडतो.

"म्हणजे त्या आठ दिवसांची 'हजर' तुमची नाही."

"नाही."

"मग त्याच्या आधीची?"

"तेव्हा मी बाकावर होते."

"तोंडानं कोण बोललं, बाई?"

"ती."

"मग आठ दिवसच कसे खोडू? 'हजर' म्हणेल तो हजर, असा नियम आहे. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणजे तुम्ही वर्षाच्या सुरुवातीपासून गैरहजर!" ते हळूच पुढे झुकले. "ऐका माझं. मुकाट्यानं घरी जा. परीक्षेला बसा. मी काही ऐकलं नाही."

"पण मी बोलले ना."

उसासा टाकून ते म्हणाले, "आठ दिवस घरी होतात, याचा साक्षीदार आणा. मग बघू."

साक्षीदार घरातच होता. हे पट्टी सोडल्यापासून हिरवा चष्मा लावून बसायचे. अजून त्यांना माणसं सावलीसारखी दिसत. मी म्हटलं, "दोन ओळी लिहून द्यायच्यात. ते आठ दिवस मी घरात होते एवढंच."

हे माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "कसं लिहू? मला दिसत नव्हतं. आणि तू बोलत नव्हतीस."

"अहो, चहा कोण देत होतं?"

"चहा मिळायचा."

"हात कोणी धरला?"

"हात होता." त्यांनी चष्मा नीट केला. "रागावू नकोस. पण त्या आठ दिवसांत सकाळी घरात कोणी आहे असं मला वाटलंच नाही गं. मी दोनदा हाकही मारली. कोणी ओ दिली नाही."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर हे ऐकायचं! मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. हाका मी ऐकल्या होत्या. दोन्ही वेळा जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. एकाएकी मला तो हात ठेवल्याचंही पक्कं आठवेना.

प्रकरण विभागप्रमुख बाईंकडे गेलं. त्या व्यवहारी. म्हणाल्या, "उद्या मी वर्गात येऊन उभी राहते. तुम्ही एकदा तोंडानं 'हजर' म्हणा. सरांनी हाच आवाज म्हणून ओळखला की मागचं सगळं तुमचं, आठ दिवस तेवढे खोडू. एका शब्दानं काय होतंय?"

एका शब्दानं मौन मोडतं, एवढंच होतंय. पण अर्धवट खरं बोलण्यापेक्षा ते बरं. पहाटे देवासमोर बसून मी मनातल्या मनात मौनाची वेळ बदलून मागितली: सकाळऐवजी दुपारी, दोन ते पाच. देवाच्या दारी एक बरं आहे, फॉर्म लागत नाही.

दहा वाजले. विभागप्रमुख दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. सर नेहमीसारखे पटात.

"आठ."

"हजर."

"नऊ."

"हजर," मी म्हटलं.

कित्येक महिन्यांत त्या वेळेला घशातून काही निघालं नव्हतं. जे निघालं ते बिजागरीच्या आवाजासारखं होतं. सरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्या दिशेनं डोळे बारीक केले.

"कोण आहे? नवीन का? ती जागा आमच्या नऊ नंबरची आहे, बाई."

"मीच नऊ, सर."

"छे!" सर अगदी ठामपणे म्हणाले.

आणि माझ्या कानाशी, इतक्या जवळून की कानातलं हललं, मधात बुडवलेला तो आवाज म्हणाला, "हजर, सर."

सर हसले. टिंब दिलं.

कोणी ओरडलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच उठून चष्मेवालीशेजारी जाऊन बसली. विभागप्रमुखांचा चेहरा खडूसारखा झाला होता, पण बाई पदाला जागल्या. त्यांनी पट ओढून घेतला, नऊ नंबरवर आडवी रेघ मारली, खाली 'दहा' लिहिलं आणि म्हणाल्या, "नऊ नंबर रद्द. तुम्ही दहा. हजेरी उद्यापासून. वर्षाचे एकसष्ट तास उरलेत, परीक्षेला साठ लागतात. एकच दिवस चुकवता येईल. समजलं?"

समजलं होतं. सगळी हजेरी गेली होती, पण परीक्षा हाताशी होती, आणि ती माझी होती. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी "आठ"नंतर थोडं थांबून "दहा" म्हटलं. मी "हजर" म्हटलं. मागून काही आलं नाही. सरांनी नाराजीनं टिंब दिलं. तासभर मी मान ताठ ठेवून बसले. मागचा बाक नुसता बाक होता. एका रेघेनं सुटली बिचारी, असं वाटून मी तिच्यासाठी शेवटची माळ ओढली.

आनंदानं घरी आले. दार लोटलेलंच होतं. आत हे टेबलाशी बसून खळखळून हसत होते. कित्येक वर्षांत त्यांना मी असं हसवलं नव्हतं. समोर दोन कप होते. माझ्या चपलांचा आवाज ऐकून ते हसायचे थांबले.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. अगदी सरांसारखं.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोणी नाही. बसा तुम्ही, थांबा हं."

मी आत धावले. ओटा पुसलेला होता. कोणी नव्हतं.

हे म्हणाले, "आलीस? अगं, आत्ता तर आत गेलीस. आज सकाळपासून किती छान बोलतेयस!"

आता सांगा, माणसानं काय करावं? वर्गात जावं तर घर तिला मोकळं, घरी बसावं तर पदवी जाते. एकसष्टातला पहिला तास भरला होता. एकच दिवस चुकवायची मुभा होती. तो दिवस मी लगेच, दुसऱ्याच सकाळी, खर्चून टाकला.

दहा वाजता मी ह्यांच्यासमोर खुर्चीत बसले. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. दहा वाजून चार मिनिटांनी त्यांनी सहज विचारलं, "अगं, आहेस का?"

माझ्या मागं कोणीतरी श्वास घेतला. बोर्डावर बोलायच्या आधी घ्यायचा तसा, छोटासा, तयार.

"आहे!" मी आधी म्हटलं. फाटक्या, बिजागरीच्या आवाजात, इतक्या जोरात की वरच्या काकूंचं काहीतरी खाली पडलं.

हे वळले. हिरव्या काचांतून माझ्या सावलीकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. वर्गात एकदा 'छे' ऐकलं होतं. आता पुन्हा ऐकायची ताकद नव्हती.

"घसा बसलाय तुझा," हे म्हणाले. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. आणि खरं सांगू? आजचा आवाज बरा वाटला. कालपासून इस्पितळात फोन लावल्यासारखं वाटत होतं मला. गोड बोलणं चाललेलं, पण माझं काम काही होत नव्हतं."

मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. यावेळी त्यांनी तो धरून ठेवला.

"उद्यापासून मला एकही दिवस घरी राहता येणार नाही," मी म्हटलं. "आत कोणी बोललं तर ओ देऊ नका."

"तुझा आवाज ऐकल्याशिवाय नाही देणार," हे म्हणाले. "हा. हा फाटका."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणीतरी कप विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.